पोटाचं ऑपरेशन झालं, मग वजनाचा काटा का थांबला?



गेल्या दोन-तीन बैठकांत एक विषय फिरून फिरून निघतोय. कुणाच्या नणंदेनं, कुणाच्या जावेनं, कुणाच्या मुंबईच्या बहिणीनं वजनाचं ऑपरेशन करून घेतलंय. आणि सगळ्यांचा प्रश्न एकच, 'एवढा खर्च केला, तरी बाई अजून जाडच कशी?' आज त्यावरच बोलू. ऑपरेशन करावं की नाही, हे मी सांगणार नाही. तो त्या बाईनं आणि डॉक्टरांनी ठरवायचा विषय. मी बोलणार आहे ऑपरेशननंतरच्या वर्ष-दीड वर्षाबद्दल. खरा कस तिथं लागतो, आणि त्यात आपण शेजारणी, जावा, गटातल्या बायकाही असतोच.

डॉक्टर या ऑपरेशनला बॅरिॲट्रिक सर्जरी म्हणतात. आपल्याकडं म्हणतात 'चरबी काढायचं ऑपरेशन', आणि घोळ इथूनच सुरू होतो. यात चरबी काढत नाहीत. दुर्बिणीनं आत जाऊन जठर, म्हणजे अन्नाची पिशवी, लहान करतात. एक प्रकार स्लीव्हचा. त्यात जठराचा पाऊण हिस्सा कापून काढतात आणि केळ्यासारखी अरुंद नळी ठेवतात. दुसरा प्रकार बायपासचा. त्यात अगदी छोटी पिशवी करून ती पुढच्या आतड्याला जोडतात, म्हणजे अन्न वाटेतला काही भाग वगळूनच पुढं जातं. दोन्हींत थोडं खाल्लं की पोट भरतं, आणि भूकही सुरुवातीला मंदावते, कारण भूक लावणारं एक संप्रेरक जठराच्या वरच्या भागात तयार होत असतं.

म्हणजे बघा, बाई ऑपरेशन करून बाहेर येते तेव्हा तिची चरबी जिथल्या तिथंच असते. ती पुढं तिच्या शरीरानं जाळायची, रोज थोडी थोडी. त्याला वर्ष ते दीड वर्ष लागतं. नितीन गडकरींनी २०११ साली मुंबईत हे ऑपरेशन करून घेतलं होतं, तेव्हा पेपरात वाचलं असेल. मोठ्या माणसाचं शरीर असो की आपलं, ते आपल्याच चालीनं चालतं.

आता किती उतरतं, तेही नीट ऐका. साधारणपणे या काळात एकूण वजनाचा चौथा हिस्सा, फार तर तीस टक्के. ११० किलोची बाई ८० च्या आसपास येते. आपल्या डोळ्यांना ती तरीही जाडच दिसणार. पण ऑपरेशन साडी चापूनचोपून बसावी म्हणून केलेलं नसतं. साखर, बीपी, कुरकुरणारे गुडघे, झोपेत अडकणारा श्वास, यासाठी केलेलं असतं. जाहिरातीतल्या 'आधी' आणि 'नंतर' या दोन फोटोंनी बायकांचं फार नुकसान केलंय, असं माझं मत आहे. त्या दोन फोटोंच्या मधले दिवस कुणी दाखवत नाही.

त्या मधल्या दिवसांत होतं काय, ते आपल्या घरातल्या गोष्टीवरून समजून घेऊ. स्वयंपाकघरात पिठाचा डबा असतो आणि मागच्या खोलीत धान्याची कणगी. रोजचं पीठ आपण डब्यातून घेतो. शरीराचंही तसंच आहे. यकृतात आणि स्नायूंत थोडी साखर साठवलेली असते, तो डबा. चरबी ही कणगी. डब्यातली साखर एकटी नसते, ती आपल्या वजनाच्या तिप्पट पाणी धरून बसलेली असते. ऑपरेशननंतर खाणं एकदम कमी होतं, शरीर आधी डबा रिकामा करतं, आणि त्याबरोबर पाणीही निघून जातं. म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांत वजन भराभर उतरतं. घरचे खूश, बाई खूश.

मग साधारण तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात काटा अडतो. खाणं थोडं सुरू झालेलं असतं, शरीर डबा पुन्हा जरा भरतं, पाणी पुन्हा धरतं. त्याच वेळी कणगीतून चरबी जात असते. पण इकडून पाणी आलं, तिकडून चरबी गेली, तर काट्याला काय दिसणार? तो तिथंच. हे दोन-तीन आठवडे चालू शकतं, आणि ऑपरेशन झालेल्या खूपशा बायकांच्या बाबतीत हे होतं. पुढंही अधूनमधून होतं. शिवाय भरलेल्या गाडीला बैलाचा जोर जास्त लागतो, रिकामीला कमी. शरीर हलकं होत गेलं की चालायला-वागायला त्याला कमी खर्च येतो, त्यामुळं पहिल्या महिन्याचा वेग सहाव्या महिन्यात राहत नाही. वजन जिन्यानं उतरतं. दोन पायऱ्या खाली, मग थोडी सपाट जागा, मग पुन्हा पायरी.

आमच्याच एका गटातल्या वहिनींचं सांगते. नाव घेत नाही, पण सांगायला त्यांनीच परवानगी दिलीय. वय बेचाळीस, वजन ११२. साखर औषधांना दाद देत नव्हती. पुण्याला ऑपरेशन झालं. थोडं सोनं मोडलं, बाकीचं मुलानं कर्ज काढलं. तीन आठवड्यांत वजन १०३ वर आलं आणि तिथं थांबलं, ते सतरा दिवस. वहिनी दिवसातून तीनदा काट्यावर उभ्या राहायच्या. घरात कुणी वाईट बोललं नाही, पण हप्त्याचा मेसेज आला की सगळे गप्प व्हायचे, आणि ते गप्प होणं त्यांना बोचायचं. हळदीकुंकवाला एक बाई म्हणाली, 'काहीच फरक नाही की गं.' झालं. दुसऱ्या दिवसापासून वहिनींनी जेवण सोडलं. सकाळ-संध्याकाळ कोरा चहा, बास. वजन हलावं म्हणून. पाचव्या दिवशी न्हाणीत चक्कर येऊन पडल्या.

डॉक्टरांनी त्यांना जे समजावलं ते सगळ्यांनी लक्षात ठेवण्यासारखं आहे. पोट लहान झालेल्या बाईनं उपाशी राहिलं तर शरीर कणगीबरोबर घरातलं लाकूडसामानही जाळायला लागतं, म्हणजे स्नायू. हातपाय गळतात, चक्कर येते. काट्यावर एखादा किलो कमी दिसतोही, पण तो नको तो किलो असतो. काटा अडला म्हणून खाणं तोडायचं नाही. ठरल्याप्रमाणे खात राहायचं, पाणी प्यायचं, चालायचं आणि वाट बघायची. ही वाट बघणं म्हणजे हातावर हात ठेवून बसणं नव्हे, ते रोजचं काम आहे.

त्या कामात पहिली गोष्ट प्रथिनं. दिवसाला साधारण ६० ग्रॅम तरी लागतात, नेमका आकडा डॉक्टर सांगतात. एका अंड्यात ६ ग्रॅम, पाव लिटर दुधात ८, वाटीभर घट्ट वरणात ६-७, शंभर ग्रॅम शिजवलेल्या चिकनमध्ये २५ च्या आसपास. ऐकायला सोपं वाटतं, पण त्या पोटात एका वेळी अर्धी वाटीसुद्धा जड जाते. आपली सवय आधी भाकरी मोडायची. इथं उलटं करायचं. आधी अंडं, पनीर, उसळ किंवा वरण, मग जागा उरली तर भाकरीचा चतकोर. घास बारीक, चावून चावून. जेवताना पाणी नाही, जेवणानंतर अर्ध्या तासानं घोट घोट. हे सगळं अर्थात पहिले दीड-दोन महिने सरल्यावर. त्याआधी पातळ, मग दाट, मग मऊ, असं डॉक्टरांच्या कागदाप्रमाणेच जायचं. त्यात 'एवढ्यानं काय होतंय' म्हणून एक घास पुढं जायचं नाही, आतले टाके कच्चे असतात.

गोळ्यांचं थोडक्यात. बी-१२, लोह, कॅल्शियम, ड जीवनसत्त्व या गोळ्या कायमच्या. बरं वाटलं म्हणून बंद करायच्या नाहीत. लोहाची आणि कॅल्शियमची गोळी एकत्र घ्यायची नाही, दोन तासांचं अंतर ठेवायचं, आणि लोहाच्या गोळीवर चहा प्यायचा नाही. साखरेची, बीपीची औषधं मात्र डॉक्टर कमी करत जातात. जुन्याच डोसवर राहिलं तर साखर एकदम खाली जाऊ शकते, म्हणून तपासणी चुकवायची नाही. मिश्री सुटली पाहिजे, हेही जाता जाता सांगते. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर आणायची नाही, लहान झालेल्या जठराला त्यानं जखम होऊ शकते.

आता काट्याकडं वळू. वजन आठवड्यातून एकदाच करायचं. एकच वार, सकाळी, शौचाला जाऊन आल्यावर, एकाच काट्यावर. आज दवाखान्यातला, उद्या दुकानातला असं केलं की एक-दोन किलोचा फरक काट्यांचाच येतो. पाळी यायच्या आधी अंगात पाणी साठतं, तेव्हा वजन थोडं वाढलेलं दिसतं. ती चरबी नव्हे. आणि काट्याबरोबर शिलाईची टेप घ्यायची. कंबर, दंड, मांडी, महिन्यातून एकदा मोजायची. वहिनींचा काटा अडला होता त्या सतरा दिवसांत त्यांच्या ब्लाऊजची एक शिवण आत घ्यावी लागली होती, ते शिवणाऱ्या बाईनं नंतर सांगितलं. बांगडी मनगटावरून सहज सरकते का, जमिनीवर मांडी घालून बसता येतं का, ओढ्यापर्यंत जाताना किती वेळा थांबावं लागतं, साखरेची गोळी किती राहिली, हे सगळं वहीत लिहायचं. हिशोब लिहायची सवय आपल्याला आहेच की. काटा अडेल त्या दिवशी मागची पानं उघडायची.

तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात केस गळतात. विंचरताना पुंजके हातात येतात आणि बाई घाबरून जाते. वजन भराभर उतरलं की केसांचं असं होतंच, प्रथिनं आणि लोह नीट गेलं तर बहुतेकींचे केस काही महिन्यांत परत येतात. कातडी सैल पडते, तिचं मात्र तसं नाही, ती पूर्ण आवळत नाही. आधीच माहीत असलेलं बरं.

उपासाबद्दल मला जरा जास्त बोलायचंय, कारण इथं आपण बायका हट्टी. चतुर्थी, एकादशी, नवरात्र. पूर्वी दिवसभर उपाशी राहून रात्री पोटभर जेवून भरून काढता यायचं. आता पोटच एवढंसं, भरून काढणार कुठं? साबुदाण्यात नुसतं पिष्ट, प्रथिनं जवळजवळ नाहीत. पहिलं वर्ष तरी उपास देवाच्या पाया पडून बाजूला ठेवावा. देव समजून घेतो, सासूबाईंना समजवायला वेळ लागतो. पुरणपोळी, श्रीखंड, लाडू याचंही तसंच. विशेषतः बायपास झालेल्या बाईनं गोड खाल्लं की ते भर्रकन आतड्यात उतरतं. घाम फुटतो, छातीत धडधडतं, जुलाब होतात. म्हणून पाहुणीला 'एक तरी घे, माझी शपथ' म्हणणं हे प्रेम नाही, तिला त्रास देणं आहे.

आणि तरुण सुनांबद्दल एक. वजन उतरायला लागलं की पाळी नियमित होते, दिवस जायची शक्यता वाढते. पण निदान वर्ष-दीड वर्ष गर्भ राहू द्यायचा नसतो, आई आणि बाळ दोघांचंही पोषण कमी पडतं. 'आता वजन उतरलं, मग कधी?' असा घोषा घरच्यांनी लावू नये.

गटानं काय करायचं, हे मला विचारलं होतं. आमच्या गटानं एवढंच ठरवलं की बैठकीत कुणी 'किती उतरलं?' विचारायचं नाही. विचारायचंच तर 'आज चालायला येतेस का?' विचारायचं. दोघीजणी रोज संध्याकाळी वहिनींबरोबर मारुतीच्या देवळापर्यंत जायला लागल्या. नवव्या महिन्यात वहिनी ८५ वर आल्या. साखरेची अर्धी गोळी अजून चालू आहे. मधे आणखी दोनदा काटा अडला होता. दुसऱ्या वेळी त्यांनी सांगितलंसुद्धा नाही, वहीतून कळलं.

मन मात्र खचू शकतं. कित्येकींना दुःखात, रागात, रिकाम्या दुपारी खाण्याचा आधार असतो. ऑपरेशन जठराचं होतं, सवयीचं होत नाही. आधार गेला की रडू येतं, चिडचिड होते, 'उगीच केलं' असं वाटतं. चार दिवसांत निवळलं तर ठीक. पण दोन आठवडे झोप नाही, कशात मन नाही, जगणं नकोसं वाटतंय, असं असेल तर लपवू नका. आपल्या डॉक्टरांना सांगा, किंवा टेलिमानस या सरकारी सेवेला १४४१६ या नंबरवर फोन करा. फोन मोफत आहे, रात्रीबेरात्रीही चालतो.

आणि काही वेळा धीर अजिबात धरायचा नाही. सारखी उलटी होतेय, पाणीसुद्धा टिकत नाही, ताप आहे, पोटात जोरात दुखतंय, नाडी फार जोरात चाललीय, शौचाला काळं होतंय, पिंडरी सुजून दुखतेय, धाप लागतेय, चालताना तोल जातोय किंवा हातापायाला मुंग्या येतायत, यातलं काहीही झालं तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठायचा. ऑपरेशनचा कागद एका पिशवीत घालून दाराजवळ टांगून ठेवा, आणि जवळच्या डॉक्टरला पहिल्यांदा हेच सांगा की माझं पोटाचं ऑपरेशन झालंय.

प्रश्न असतील तर गटाच्या सचिवांकडं चिठ्ठी द्या, नाव नाही लिहिलं तरी चालेल.