कॅमेरा हलतो तेव्हा कोण बघत असतं?

फुलसावंगीत आम्हाला बोलावलं ते 'पाहणं म्हणजे काय' या विषयावर बोलायला. सभेआधी चहा घेताना लग्नाचं शूटिंग करणाऱ्या एका तरुणाने विचारलं, ''सर, गावावर एक छोटी फिल्म करायची आहे. गिंबल घेऊ, की कॅमेरा हातातच धरू? हातात धरला की जास्त खरं वाटतं म्हणतात.'' पोराने नकळत आमच्याच विषयाला हात घातला होता. तेव्हा आज याच प्रश्नावर बोलू.

आधी यंत्राचं बघू. फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' 1913 साली आला. तेव्हाचा कॅमेरा हँडल फिरवून चालायचा. एक हात सारखा हँडलवर, म्हणजे कॅमेरा स्टँडवर ठेवणं भागच होतं. पुढे कॅमेरे हलके झाले आणि खांद्यावर आले. मग अमेरिकेत गॅरेट ब्राउन यांनी स्टेडीकॅम बनवला: अंगात घट्ट जॅकेट, त्याला स्प्रिंगचा हात आणि त्यावर तोललेला कॅमेरा. 1976 च्या 'बाउंड फॉर ग्लोरी' या चित्रपटात तो पहिल्यांदा वापरला गेला.

आजचा गिंबल त्याहून सोपा. कॅमेरा कुठे कलतोय हे त्यातले सेन्सर ओळखतात आणि तीन मोटारी उलट्या दिशेने फिरून ते कलणं खोडून काढतात. पण चालताना आपलं अख्खं शरीर वर-खाली होतं, ते साध्या गिंबलला पुरतं थोपवता येत नाही. म्हणून गिंबलवाला गुडघे वाकवून, भरलेली घागर नेल्यासारखा चालतो. मोबाइलमधली स्थिर करण्याची सोय बहुधा वेगळी असते. ती चित्राच्या कडा थोड्या कापते आणि उरलेली चौकट सरकवून हलणं लपवते. रात्रीच्या कमी उजेडात मात्र प्रत्येक चित्रातच हलल्याचा फराटा येतो. तो तिला पुसता येत नाही. आणि लांबचं जवळ आणणारी लेन्स लावलीत, तर हाताचा बारीकसा थरथराटही पडद्यावर मोठा दिसतो.

इथवर कारागिरी झाली. आता आमचा प्रश्न असा: पडद्यावरचं चित्र हललं की प्रेक्षकाला काय कळतं?

त्याला कळतं की इथे कुणीतरी उभं आहे. त्या कुणाला तरी शरीर आहे, श्वास आहे, भीती आहे. हलणारं चित्र म्हणजे एका अर्थी साक्ष आहे: 'मी तिथे होतो.' गिंबलवर तरंगत जाणाऱ्या चित्राला असं शरीर नसतं. ते दारातून आत येतं, माणसांच्या मधून जातं, कुणाला धक्का लागत नाही. जणू कुणी न दिसणारा पाहुणा घरभर फिरतोय. आणि स्टँडवरचा कॅमेरा तिसरंच काही सांगतो: 'मी इथे बसलोय, तुम्ही तुमचं चालू द्या.'

चैतन्य ताम्हाणे यांचा 'कोर्ट' आठवा. कॅमेरा बहुतेक वेळ एका जागी, दुरून, शांत बसलेला. तारखांवर तारखा पडतात आणि आपण बाकावर बसल्यासारखे बघत राहतो. तिथे कॅमेरा धावपळ करता, तर त्या व्यवस्थेचा थंडपणा आपल्यापर्यंत पोचलाच नसता. उलट नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा शेवट बघा. जब्या दगड भिरकावतो आणि तो थेट कॅमेऱ्याकडे येतो. तोवर आपण फक्त बघणारे होतो. त्या क्षणी कळतं, आपणही त्या हसणाऱ्या गर्दीत कुठेतरी उभे होतो. बघणाऱ्याला जागा असते, आणि त्या जागेची जबाबदारीही असते.

आता थोडं जड बोलायचं आहे. ऑगस्ट 2021 मध्ये याच गावात स्वतः बनवलेल्या हेलिकॉप्टरची चाचणी घेताना एका तरुणाचा जीव गेला. मोबाइलवरचं ते चित्रण देशभर फिरलं. ज्यांनी ते घरी बसून बघितलं, त्यांच्यासाठी ती एक क्लिप होती. तुमच्यासाठी तो गावातला पोरगा होता. अशा चित्रणात 'हातात धरू की गिंबलवर लावू' असा विचार करायला कुणाला सवड असते? तिथे हात हलला, तर तो माणूस तिथे होता म्हणून हलतो.

पण उद्या तुमच्यापैकी कुणी अशा घटनेवर फिल्म करायला बसलात, तर तुम्हाला सवड असेल. तेव्हा 'खरं वाटावं' म्हणून कॅमेरा मुद्दाम हलवलात, तर तुम्ही दुसऱ्याची साक्ष उसनी घेताय. जो थरथराट तुम्हाला झालाच नाही, तो दाखवताय. आणि दुःखात असलेल्या घरात गिंबलवर तरंगत शिरलात, तर त्या घराचं देखणं चित्र होईल. पण उंबऱ्यापाशी क्षणभर थांबायला हवं होतं, ते राहून जाईल. आम्हाला दोन्हीत सारखाच धोका दिसतो.

मग करायचं काय? त्या तरुणाला आम्ही जे सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. प्रत्येक शॉटआधी दोन प्रश्न विचारा. इथे बघणारा कोण आहे? आणि समोरच्या माणसाने त्याला तिथे उभं राहू दिलंय का?

बैलामागून धुऱ्याने चालत शेतकऱ्याशी बोलताय? कॅमेरा हातात असू द्या, तुम्ही खरोखर सोबत चालताय. लग्नाची वरात, कापसाचं फुललेलं शेत दाखवायचंय? गिंबल खुशाल वापरा, आनंदाने वापरा. एखादी माय आपल्या गेलेल्या लेकाबद्दल बोलतेय? कॅमेरा स्टँडवर ठेवा, तिच्या डोळ्यांच्या उंचीवर, आणि तुम्ही बाजूला बसून ऐका. तुमचे दोन्ही हात मोकळे राहतील. तिला पाण्याचा पेला द्यावा लागला, तर देता येईल.

तरुणाने शेवटी विचारलं, ''म्हणजे सर, गिंबल घेऊ की नको?'' आम्ही म्हटलं, घे बाबा, लग्नाच्या ऑर्डरी आहेत तुझ्या. पण एक बरा ट्रायपॉडही घे.