घाम कोणाला येतोय?

शाळांच्या परीक्षा संपत आल्या की माझ्या फोनवर एकच प्रश्न सुरू होतो. ‘मॅडम, सुट्टीत इंटेन्सिव्ह लावायचं का?’ विचारणारे जतचे, कवठेमहांकाळचे, अथणीचे, कधी थेट विजापूरकडचे. मी मिरजेत ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे, काम सगळं लहान मुलांबरोबर. लोक मला फिजिओच म्हणतात. दुरुस्त करणं मी केव्हाच सोडून दिलंय.

नेहमीची थेरपी आठवड्यातून दोनदा असते, पाऊण पाऊण तास. इंटेन्सिव्हमध्ये मूल रोज तीन ते सहा तास काम करतं, सलग दोन ते चार आठवडे, आणि मग काही महिने मोकळं. सेरेब्रल पाल्सी, डाउन सिंड्रोम, ऑटिझम, रेट सिंड्रोम, गुणसूत्राचा एखादा तुकडा जन्मतःच नसलेली मुलं, अशा सगळ्यांसाठी मोठ्या शहरांत आता असे कार्यक्रम निघालेत. काही चोख आहेत. काहींचं माहितीपत्रकच तेवढं चोख आहे. फी असतेच, वर खोलीभाडं, जेवणखाण, वडिलांची बुडालेली रोजंदारी. यासाठी दुभती म्हैस विकलेलं घर मला ठाऊक आहे. म्हणून फोनवर हो-नाही सांगण्याआधी मी एक विचारते: तिथं काम कोण करणार? तासाभरानंतर घाम मुलाला आलेला असतो, की त्याला धरून हलवणाऱ्या थेरपिस्टला?

या प्रश्नामागे मोठी कहाणी आहे आणि ती फारशी सुखाची नाही. अमेरिकेत मेरीलँड राज्यातल्या सिल्व्हर स्प्रिंग गावी एडवर्ड टाउब नावाचे संशोधक माकडांवर प्रयोग करत. माकडाच्या एका हाताकडून मेंदूकडे संवेदना नेणाऱ्या नसा ते कापत. स्नायू शाबूत, हलवायची ताकदही शाबूत, पण माकड तो हात वापरणंच सोडून देई. दुसरा, चांगला हात बांधून ठेवला, की तेच माकड पोटासाठी का होईना, लुळा हात पुढे करी. म्हणजे हात गेलेला नव्हता, ‘हा वापरायचा नाही’ असं माकड शिकलं होतं. 1981 साली तिथल्या प्राण्यांच्या हालांवरून पोलिसांनी धाड घातली, 17 माकडं ताब्यात घेतली, टाउब यांच्यावर खटला चालला. त्यांना झालेली शिक्षा पुढे वरच्या कोर्टानं रद्द केली. त्या पिंजऱ्यांचं वर्णन वाचलं तर आजही अंगावर काटा येतो. पण त्यांनीच पुढे अलाबामात पक्षाघाताच्या रुग्णांचा चांगला हात दिवसभर मिटनमध्ये अडकवून ठेवला आणि दुबळ्या हाताकडून रोज कित्येक तास काम करून घेतलं. वर्षानुवर्षं मांडीवर पडून असलेले हात कामाला लागले. मुलांसाठीची पद्धत तिथूनच निघाली.

ज्या मुलांची एकच बाजू कमजोर असते त्यांच्यासाठी हे फार उपयोगी आहे. जतकडची एक सहा वर्षांची मुलगी माझ्याकडे आली तेव्हा तिचा उजवा हात कोपरात दुमडलेला, मूठ आवळलेली. डाव्या हातानं ती सगळं इतक्या सफाईनं करायची, की उजव्याला कुणी कामच सांगत नव्हतं. आम्ही मुलांच्या आयांना नावानं हाक न मारता ‘आई’ म्हणतो. तिच्या आईला विचारलं, ‘आई, तुम्हाला काय हवंय?’ तर म्हणाली, ‘शाळेच्या बाथरूममधून येताना चड्डी तिची तिला वर ओढता यावी. बाई रोज चिडतात.’ मुलीला विचारलं. तिला मोठ्या बहिणीसारखं वेणीला स्वतः रबर लावायचं होतं. दोन्ही गोष्टी कागदावर लिहिल्या. आज हे किती जमतं याला दहापैकी मार्क द्यायला सांगितलं. कॅनडातल्या थेरपिस्टांनी ही मार्कांची पद्धत बसवली, आणि ती मला मशीनच्या मोजमापाहून जास्त खरी वाटते.

पहिल्या टप्प्यात तिच्या डाव्या हातात जाड कापडी मोजा. उजव्या हातानं भडंग उचलून खायचं, भुईमुगाच्या शेंगा वाटीत टाकायच्या, पत्ते उलटायचे, स्टिकर सोलायचे. सुरुवातीला शेंग मुठीत यायची पण मूठ सुटायची नाही. पकडणं सोपं असतं, सोडणं अवघड, हे या मुलांबरोबर काम केल्याशिवाय लक्षात येत नाही. मग वाटीची कड मनगटाखाली येईल अशी ठेवली, मनगट जरा वाकलं की बोटं सैल पडतात. हळूहळू वाटी लांब नेली. काम जमण्याइतकं सोपं आणि कंटाळा येणार नाही इतकं अवघड ठेवत राहणं, आमचं सगळं कसब एवढंच. नंतरच्या टप्प्यात मोजा काढला आणि दोन्ही हातांची कामं सुरू झाली: डब्याचं झाकण, पिशवीची चेन, चड्डीचं इलॅस्टिक. न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात अँड्र्यू गॉर्डन यांच्या गटानं हा दोन हातांचा कार्यक्रम बसवला. त्यात मुलं रोज सहा तासांप्रमाणे 15 दिवस काम करतात, एकूण 90 तास. चांगला हात बांधण्याच्या पद्धतीइतकाच तो उपयोगी ठरला, आणि मुलांना त्याचा जाच कमी होतो.

जतच्या मुलीला चड्डी वर ओढता यायला लागली. रबर काही जमलं नाही, ते अजून बहीणच लावते. तिचा उजवा हात चांगला मदतनीस झाला, लिहिता हात झाला नाही. होणारही नव्हता, आणि हे तिच्या आजोबांना मी आधीच सांगितलं होतं.

हे सगळं आठवड्याला दोनदा बोलावून का होत नाही? हिशेब सरळ आहे. संशोधनांचा एकत्र आढावा घेतल्यावर दिसतं, की हाताचं एखादं ठरावीक काम शिकायला मुलाला साधारण 14 ते 25 तासांचा सराव लागतो, आणि एकूणच हात सुधारायचा तर 30 ते 40 तास. आठवड्याला दीड तास धरला तर 40 तास भरायला सहा महिने लागतील. मधे ताप येणार, गावची जत्रा येणार, उसाला तोड येणार. तोवर आधी शिकलेलं विसरलेलं असतं. तासांची गर्दी करण्यामागचं कारण हे.

पण 40 तास नुसते भरून चालत नाहीत. ऑस्ट्रेलियाच्या आयोना नोव्हाक आणि सहकाऱ्यांनी 2013 साली, आणि पुन्हा 2020 साली, सेरेब्रल पाल्सीच्या सगळ्या उपचारांना सिग्नलचे रंग दिले. एक काम ठरवून मुलानं स्वतः पुन्हा पुन्हा करण्याच्या पद्धती हिरव्या. मूल पडून आणि थेरपिस्ट त्याचे हातपाय फिरवतोय, हे हालचाल शिकवण्याच्या बाबतीत हिरव्यात बसत नाही. ज्या पारंपरिक पद्धतींवर आमच्या पिढीचं कॉलेजशिक्षण झालं, त्यातल्या काही थेट लाल रंगात गेल्या, आणि आमच्या धंद्यात बराच गोंधळ उडाला. अजून आहे.

इलॅस्टिकच्या दोऱ्या लावलेला सूट तुम्ही अशा केंद्रांच्या व्हिडिओत पाहिला असेल. त्याचं मूळ सोव्हिएत अंतराळवीरांच्या ‘पेंग्विन’ सुटात आहे. अंतराळात वजन जाणवत नाही म्हणून स्नायू झिजतात, ते झिजू नयेत यासाठी तो केला होता. मुलांच्या कार्यक्रमात सूट वगळून बाकी व्यायाम तेवढाच ठेवला तर फरक जवळपास तेवढाच पडतो. सूट वाईट नाही. फोटोत छान दिसतो आणि बिलातही दिसतो.

याहून जुनं उदाहरण फिलाडेल्फियाच्या ग्लेन डोमन यांचं. चार-पाच माणसांनी मुलाला टेबलावर पालथं घालून रांगण्याच्या लयीत त्याचे हातपाय आणि डोकं हलवायचं, दिवसातून कित्येक वेळा, वर्षानुवर्षं. शेजारपाजार कामाला लागे, आई घरातून हलू शकत नसे. अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेनं 1968, 1982 आणि 1999 साली याविरुद्ध सावध केलं. तास त्यात भरपूर होते, काम मात्र मूल सोडून सगळे करत होते.

ऑटिझमच्या बाबतीत तासांचं वेड 1987 पासून आहे. कॅलिफोर्नियात ओले इव्हार लोव्हास यांनी लहान मुलांना आठवड्याला 40 तास शिकवलं आणि 19 पैकी 9 मुलं इतर मुलांच्या बरोबरीला आली असं मांडलं. मुलांची विभागणी चिठ्ठ्या टाकून झालेली नव्हती, शिक्षाही वापरल्या होत्या. आज मोठी झालेली ऑटिस्टिक माणसं अशा शिकवण्यानं झालेल्या त्रासाबद्दल स्वतः बोलतात. मी त्यांचं ऐकते. ‘नजरेला नजर देतो का’ हे ध्येय म्हणून मी लिहून घेत नाही. ‘पाणी हवंय हे सांगता येतं का’ हे घेते.

आता जनुकीय आजार. इथं नुसत्या उत्साहानं नुकसान होऊ शकतं. ‘उशिरा चाललाय, पायात जोर नाही, व्यायाम वाढवा’ अशी चिठ्ठी घेऊन चार-पाच वर्षांचा मुलगा येतो. पोटऱ्या फुगीर, जमिनीवरून उठताना हात मांड्यांवर टेकवत टेकवत उभा राहतो. अशा वेळी मी व्यायाम सुरू करत नाही, आधी रक्तातल्या सीपीके या स्नायूंच्या एन्झाइमची तपासणी करून आणायला सांगते. ड्यूशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी असेल तर दमवणारे व्यायाम, उड्या, जिने उतरणं यानं आधीच नाजूक असलेले स्नायू आणखी फाटतात. अशा मुलाला रोज सहा तास राबवणं हा अपराध आहे. निदान झालेलं नसताना तपासणीविना प्रवेश देणारं केंद्र कितीही चकाचक असो, मी तिथं पाठवत नाही.

रेट सिंड्रोम बहुधा मुलींना होतो. दीडेक वर्षापर्यंत वस्तू पकडणारी, एखाददुसरा शब्द बोलणारी मुलगी ते हरवून बसते आणि दोन्ही हात सतत एकमेकांवर चोळत राहते. याला कारण असलेलं एमईसीपी2 हे जनुक 1999 साली हुदा झोघबी यांच्या प्रयोगशाळेत सापडलं. थेरपीनं जनुक बदलत नाही. पण या मुली नजरेनं निवड करतात, आणि नजरेनं ‘हो’ म्हणायला शिकवण्यात घातलेले आठवडे फुकट जात नाहीत. पाठीचा कणा वाकू नये म्हणून उभं राहण्याचा, चालण्याचा सरावही चालू ठेवावा लागतो, तो मात्र वर्षभर थोडा थोडा.

कधी कधी तर इंटेन्सिव्हला आठ मिनिटं पुरतात. डाउन सिंड्रोम असलेल्या बाळांसाठी डेल उलरिक यांनी अमेरिकेत छोटी ट्रेडमिल दिली. घरीच, आईवडिलांनी बाळाला काखेत धरून, दिवसाला आठ मिनिटं, आठवड्यातून पाच दिवस चालवायचं. 2001 साली आलेल्या निष्कर्षात ही बाळं इतरांपेक्षा सरासरी 101 दिवस आधी चालली. तान्ह्या बाळाच्या दुबळ्या हातासाठी स्वीडनमध्ये वापरतात ती पद्धतही रोज अर्ध्या तासाची आहे, तीही आईच्या मांडीवर. दीड वर्षाच्या मुलाला सहा तास बसवणाऱ्यांना मी हे दोन दाखले देते. रडणारं मूल शिकत नसतं, ते फक्त रडायला शिकतं.

सगळ्यात अवघड फोन नऊ-दहा वर्षांच्या मुलांच्या घरून येतात. ‘इंटेन्सिव्ह केलं तर तो चालेल का?’ कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतातल्या 657 मुलांचा अभ्यास 2002 साली पीटर रोझेनबॉम यांच्या गटानं प्रसिद्ध केला. सेरेब्रल पाल्सीच्या पाच पातळ्या धरल्या तर सगळ्यात सौम्य पातळीची मुलं पाचेक वर्षांपर्यंत आणि सगळ्यात तीव्र पातळीची पावणेतीन वर्षांपर्यंतच त्यांच्या हालचालींच्या क्षमतेचा नव्वद टक्के भाग गाठतात. म्हणून मी ‘चालेल’ असं सांगत नाही. चाकांच्या खुर्चीतून पलंगावर जाताना पायावर भार देणं, खुर्चीचं जॉयस्टिक चालवणं, बोलण्याचा तक्ता वापरणं या कामांना वयाची अशी मर्यादा नाही. मिथू अलूर यांनी 1972 साली मुंबईत स्पास्टिक्स सोसायटी काढली ती मुलगी मालिनी हिला सेरेब्रल पाल्सी होती म्हणून. मालिनी चिब यांनी एका बोटानं टाइप करत आत्मचरित्र लिहिलं, ते 2011 साली आलं. अशा एका बोटासाठी मी तीन आठवडे आनंदानं देईन.

‘त्यापेक्षा स्टेम सेल करतो’ असं कुणी म्हणालं, तर आयसीएमआर या केंद्र सरकारच्या वैद्यकीय संशोधन संस्थेच्या 2017 च्या मार्गदर्शक सूचना बघा. सेरेब्रल पाल्सी किंवा ऑटिझमसाठी मान्यताप्राप्त चाचणीबाहेर पैसे घेऊन ते करणं त्यात बसत नाही. विषय संपला.

पैशांचं म्हणाल तर आधी जिल्हा रुग्णालयात जा. 2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात जिल्ह्याला एक लवकर उपचार केंद्र असतं, लोक त्याला डीईआयसी म्हणतात. राष्ट्रीय न्यासाची निरामय ही एक लाखाची विमा योजना ऑटिझम, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी आहे, आणि त्यात थेरपीच्या खर्चालाही काही मर्यादेपर्यंत जागा आहे. यूडीआयडी कार्ड, म्हणजे अपंगत्वाचं ओळखपत्र, काढलेलं नसेल तर सुट्टी लागायच्या आत काढून घ्या.

आणि ज्या केंद्रात जाणार असाल तिथं आधी एक दिवस नुसतं बसायला मागा. आईला आत बसू देत नसतील तर परत या, कारण तीन आठवड्यांनंतर ते सगळं घरी तिलाच करायचं असतं. ध्येयं लेखी मागा, दोन किंवा तीनच. पूर्ण फी आगाऊ मागितली तर हप्ते करून घ्या. मुलाला आकडी येत असेल तर गोळ्यांच्या वेळा सांगा, आणि आकडी आली तर कोण काय करणार हे विचारा. या प्रश्नावर समोरचा माणूस नुसता ‘काळजी करू नका’ म्हणाला, तर प्रवेश घेऊ नका.