स्क्रीनवरचा उजेड आणि कलम 3(के)

माजलगाव किंवा गेवराईच्या शिवारात ऐन दुपारी उघड्यावर साधारण 1 लाख लक्स उजेड असतो. साध्या मोबाइलची स्क्रीन पूर्ण ब्राइटनेसवर 500 निटच्या आसपास प्रकाश देते. एक निट म्हणजे दर चौरस मीटरला एक कँडेला. धूळ आणि बोटांचे ठसे बसलेली काच अंगावर पडलेल्या उजेडापैकी 5 टक्के चौफेर परत फेकते असे धरले, तर हा परतलेला उजेडच 1,590 निटच्या घरात जातो. मग स्क्रीनवरचा काळा भाग 1,590 निटचा आणि पांढरा भाग 2,090 निटचा दिसतो. दोघांचे गुणोत्तर अवघे 1.3. तोच मोबाइल रात्री 200 लक्सच्या खोलीत पाहिला, तर हेच गुणोत्तर 150 च्या वर जाते.

बीड जिल्ह्यातून दर हंगामात लाखोंच्या संख्येने माणसे ऊसतोडीला बाहेर पडतात. गावी आजीजवळ ठेवलेल्या लेकराचा चेहरा व्हिडिओ कॉलवर पाहायचा, तो फडाच्या बांधावर, याच 1.3 च्या गुणोत्तरात. म्हणून चित्राचा उजेड बदलून देणारे तंत्र हा माझ्या दृष्टीने केवळ महागड्या टीव्हीचा विषय नाही. आणि असे तंत्र बीडच्या एखाद्या अभियांत्रिकीच्या मुलीने शोधले, तर तिला पेटंट मिळेल का, हा प्रश्नही दूरचा नाही.

आधी तंत्र पाहू. साध्या व्हिडिओत प्रत्येक रंगाला 8 बिट, म्हणजे 0 ते 255 अशा 256 पायऱ्या असतात. या पायऱ्या आणि प्रत्यक्ष उजेड यांचे नाते सरळ रेषेचे नसते. स्क्रीन आकड्याला साधारण 2.2 च्या घातात चढवते, त्याला गॅमा म्हणतात. 500 निटच्या स्क्रीनवर 255 ला 500 निट मिळतात, पण निम्म्या आकड्याला, 128 ला, फक्त 110 निट. 64 ला 24 आणि 32 ला जेमतेम 5. सावळ्या चेहऱ्याचा डोक्यावरच्या पदराखालचा भाग बहुधा याच खालच्या पायऱ्यांत असतो. खोलीत हे 5 निट स्पष्ट दिसतात. फडात 1,590 निटांवर आणखी 5 म्हणजे टक्क्याचा तिसरा हिस्सा, आणि डोळ्याला फरक जाणवायला चांगल्या परिस्थितीतही एखादा-दोन टक्के लागतात. चेहरा तिथे हरवतो. 64 चा आकडा उचलून 128 वर नेला, तर तो भाग 24 ऐवजी 110 निटांनी चमकतो, फरक दीड टक्क्यावरून 7 टक्क्यांच्या जवळ जातो आणि चेहरा पुन्हा सापडतो. मात्र सगळेच आकडे असे उचलले, तर वरचे आकडे एकमेकांत मिसळून आकाश आणि पांढरा शर्ट एकच होतात. कुठले उचलायचे, किती, आणि कुठे थांबायचे, यातच या तंत्राची सगळी कसोटी आहे.

टीव्हीच्या दुनियेत हाच प्रश्न मोठ्या आकड्यांत आला. जुन्या व्हिडिओत पांढऱ्याचे प्रमाण 100 निट धरलेले असे. 2014 मध्ये एसटी 2084 हे मानक आले, त्याचा वक्र, म्हणजे आकडा आणि उजेड यांचे नाते, थेट 10,000 निटपर्यंत जातो. या वक्रात 100 निट साधारण 51 टक्क्यांवर आणि 1,000 निट 75 टक्क्यांवर बसतात, कारण अंधारातले बारकावे डोळ्याला जास्त कळतात आणि पायऱ्याही तिकडेच जास्त खर्च केल्या आहेत. बीबीसी आणि जपानच्या एनएचके यांनी मिळून एचएलजी हा दुसरा वक्र आणला. 2016 च्या बीटी.2100 या आंतरराष्ट्रीय शिफारशीत दोन्ही आहेत. 10,000 निटांसाठी लिहिलेला सिनेमा घरच्या 400 निटच्या टीव्हीवर दाखवायचा तर मध्ये रूपांतर करावेच लागते. पेटंटचे अर्ज बहुतेक याच जागेवर येतात.

दवाखान्यातही हीच गोष्ट जीवावरची असते. एकाच एक्स-रेतली बारीक रेघ दोन मॉनिटरवर सारखीच दिसावी म्हणून वैद्यकीय चित्रांसाठीच्या डायकॉम मानकाच्या चौदाव्या भागात 0.05 ते सुमारे 4,000 निट या पट्ट्यात 1,023 पायऱ्या आखून दिल्या आहेत. प्रत्येक पायरी डोळ्याला जेमतेम जाणवेल एवढी. अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयासारख्या ठिकाणी रोज फिल्म पाहणाऱ्या डॉक्टरांना या पायऱ्यांचे मोल वेगळे सांगायला नको.

आता कायदा. हे सगळे रूपांतर शेवटी एक सूत्र आहे, आणि 1970 च्या पेटंट कायद्याचे कलम 3(के) म्हणते की गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम हे शोध मानले जाणार नाहीत. यातला ‘निव्वळ’ हा शब्द 2002 च्या दुरुस्तीने आला आणि 20 मे 2003 पासून लागू झाला. जवळच कलम 3(एन) आहे, माहितीचे नुसते सादरीकरण वगळणारे. व्हिडिओ स्क्रीनच्या अर्जाला परीक्षक ही दोन्ही कलमे लावू शकतो.

तरीही असे शोध मंजूर होतात, आणि कसे होतात ते शिकण्यासारखे आहे. 2016 च्या मार्गदर्शक सूचनांत संगणकाशी संबंधित शोधाला नवे हार्डवेअर हवे असा आग्रह होता. जून 2017 च्या सूचनांतून तो गेला. 12 डिसेंबर 2019 रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने फरीद अल्लानी प्रकरणात सांगितले की शोधाचा तांत्रिक परिणाम किंवा तांत्रिक योगदान दिसत असेल, तर संगणक प्रोग्रामवर आधारलेला म्हणून तो आपोआप बाद होत नाही. तो अर्ज भारतात 2002 मध्ये दाखल झाला होता. मे 2023 मध्ये मायक्रोसॉफ्टच्या प्रकरणात त्याच न्यायालयाने ही दिशा कायम ठेवली. परीक्षकाच्या टेबलावर त्यामुळे खरा प्रश्न ‘सूत्र आहे का’ एवढाच राहत नाही. सूत्र लावल्यावर यंत्रात काय बदलते, हा होतो.

दोन दावे शेजारी ठेवून पाहू. पहिला: ‘चित्रातील प्रत्येक बिंदूची तीव्रता अमुक सूत्राने बदलण्याची पद्धत’. हा 3(के) खाली जवळजवळ नक्की अडकेल. दुसरा: प्रकाश-संवेदक बाहेरचा उजेड मोजतो, त्यानुसार 1,024 नोंदींच्या तयार कोष्टकांतून एक निवडले जाते, कोष्टक एका फ्रेमच्या 16.7 मिलिसेकंदांच्या आत बदलते आणि सोबत बॅकलाइटचा विद्युतप्रवाह आवरला जातो. दुसऱ्याला निदान लढायला जागा आहे. फुल एचडी स्क्रीनवर 20,73,600 बिंदू असतात. सेकंदाला 60 फ्रेम म्हणजे 12.44 कोटी बिंदू, प्रत्येकी तीन रंग. दर वेळी घात काढत बसण्याऐवजी कोष्टकात पाहून उत्तर घेतले, तर गणिताचा भार आणि बॅटरी वाचते. किती वाचते हे मोजून तपशीलपत्रात लिहिले असेल, तर तो तांत्रिक परिणाम ठरतो. लिहिले नसेल, तर सुनावणीत तोंडी सांगून फारसा उपयोग होत नाही, कारण मूळ अर्जात नसलेली बाब नंतर घुसडता येत नाही. या प्रकारचे अर्ज पडतात ते माझ्या मते बहुधा इथेच. कल्पना असते, पण मोजमाप कागदावर नसते.

3(के) ओलांडले तरी पुढचा डोंगर नावीन्याचा. चित्रातला उजेड सगळ्या पायऱ्यांवर पसरवणारी, हिस्टोग्राम समतल करण्याची युक्ती दशकांपूर्वीची. डोळा उजेड कसा पारखतो हे सांगणारा एडविन लँड आणि जॉन मॅककॅन यांचा रेटिनेक्सवरचा निबंध 1971 चा. मूळचे नाशिकचे, पुण्याच्या सीओईपीत शिकलेले रमेश रासकर यांनी सहकाऱ्यांसह 2004 मध्ये रात्रीच्या काळोख्या दृश्यात त्याच जागेच्या दिवसाच्या चित्रातला तपशील मिसळून दाखवला होता. परीक्षक असे निबंध, जुनी पेटंटे, मानके सगळे चाळतो. वर्गीकरणात जी09जी आणि एच04एन हे कप्पे उघडले की उजेड, कॉन्ट्रास्ट आणि गॅमा यांवरचे जगभरचे अर्ज समोर येतात. अर्ज करण्याआधी अर्जदारानेही तेच कप्पे उघडून पाहावेत. त्याला पैसे लागत नाहीत.

हे काम करायला माणसे किती? पंतप्रधानांच्या आर्थिक सल्लागार परिषदेच्या ऑगस्ट 2022 च्या टिपणानुसार त्या वर्षी मार्चअखेर भारतीय पेटंट कार्यालयात 860 माणसे होती. चीनमध्ये 13,704 आणि अमेरिकेत 8,132. अर्ज निकाली निघायला तेव्हा भारतात सरासरी 58 महिने लागत, चीनमध्ये सुमारे 20, अमेरिकेत 23. पेटंटचे आयुष्य अर्जाच्या तारखेपासून 20 वर्षे, म्हणजे 240 महिने. त्यातले 58 गेले की जवळजवळ पाव हिस्सा संपला, आणि मंजुरीआधी उल्लंघनाचा दावा लावता येत नाही. स्क्रीनच्या धंद्यात तेवढ्या काळात तंत्राची एक पिढी उलटते. 2023 मध्ये 553 परीक्षकांची भरती काढण्यात आली. ही मंडळी ज्या संस्थेत तयार होतात, ती राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्था आपल्या नागपुरातच आहे.

देशाचे एकूण आकडे मात्र झपाट्याने चढले. 2013-14 मध्ये 42,951 अर्ज आले आणि 4,227 पेटंटे मंजूर झाली. 2023-24 मध्ये 92,168 अर्ज आणि 1,03,057 मंजुऱ्या. अर्ज दुपटीहून थोडे जास्त, मंजुऱ्या चोवीस पट. वर्षाच्या अर्जांपेक्षा त्याच वर्षाच्या मंजुऱ्या जास्त कशा? कारण मंजूर झालेले अर्ज मागच्या वर्षांचे होते. साचलेला ढीग उपसला गेला. या आकड्यावरून त्या एका वर्षात देशात लाखभर नवे शोध लागले असे कुणी सांगत असेल, तर ते बरोबर नाही.

दुसरा गोंधळ ‘पेटंट प्रसिद्ध झाले’ या शब्दांनी होतो. कोणताही अर्ज साधारण 18 महिन्यांनी पेटंट कार्यालयाच्या नियतकालिकात आपोआप प्रसिद्ध होतो. व्यक्तीने 2,500 रुपये भरले की त्याआधीही होतो. तोवर परीक्षकाने त्याला हातही लावलेला नसतो. परीक्षणासाठी वेगळी विनंती करावी लागते. मार्च 2024 च्या नियमांनी तिची मुदत अग्रक्रम तारखेपासून, म्हणजे सर्वांत आधीच्या अर्जाच्या तारखेपासून, 48 महिन्यांवरून 31 महिन्यांवर आणली. ती चुकली की अर्ज मागे घेतला असे धरले जाते. पहिला परीक्षण अहवाल, ज्याला एजंट एफईआर म्हणतात, तो आल्यावर 6 महिन्यांत उत्तर द्यायचे, मुदतवाढ मागितली तर आणखी 3 महिने मिळतात. उत्तर न दिल्यास अर्ज सोडून दिला असे मानतात. महाविद्यालयांच्या गुणांकनासाठी दाखल होऊन प्रसिद्धीवरच थांबणारे अर्ज मुलांचे नुकसान करतात, कारण एकदा उघड झालेली कल्पना पुढे त्यांच्याच नव्या अर्जाच्या आड येते.

खर्चाची भीती त्या मानाने जास्त घातली जाते. बीडचा अर्ज मुंबईच्या अँटॉप हिल येथील कार्यालयाच्या कक्षेत येतो. ऑनलाइन भरता येतो, सुनावणीही व्हिडिओवर होते. व्यक्ती, स्टार्टअप, छोटा उद्योग किंवा शिक्षणसंस्था यांना 30 पाने आणि 10 दाव्यांपर्यंत 1,600 रुपये, परीक्षणाच्या विनंतीला 4,000. मोठ्या कंपनीला हेच 8,000 आणि 20,000. पेटंट जिवंत ठेवायचे शुल्क तिसऱ्या वर्षापासून: सहाव्यापर्यंत दरसाल 800, दहाव्यापर्यंत 2,400, पंधराव्यापर्यंत 4,800, विसाव्यापर्यंत 8,000. बेरीज 76,800. वीस वर्षांचा सरकारी खर्च एकूण 82,400 रुपये, तोही शोध चालला तरच भरत जायचा. एजंटाची फी वेगळी, आणि खरा भार तिचाच असतो. नोंदणीकृत स्टार्टअपसाठी सरकारच मदतनीस एजंटाला अर्ज करताना 15,000 रुपये देते, स्टार्टअपला फक्त ठरलेले शुल्क भरावे लागते.

नियमांप्रमाणे कागदपत्रे इंग्रजीत किंवा हिंदीत लागतात. मराठीत विचार करणाऱ्या मुलाला आपल्या शोधाची सीमा आखणारे दहा दावे परक्या भाषेत, कायद्याच्या काटेकोरपणाने लिहावे लागतात. ही अडचण 1,600 रुपयांपेक्षा कितीतरी मोठी आहे आणि तिच्याबद्दल बोलले जात नाही. पेटंट एजंट होण्याची परीक्षा विज्ञान किंवा अभियांत्रिकीचा पदवीधर 21 वर्षे पूर्ण झाल्यावर देऊ शकतो. अंबाजोगाई, परळी, बीड इथल्या पदवीधरांतून असे पाच-सहा जण तयार झाले, तरी मुलांना दावे समजावून घ्यायला पुणे गाठावे लागणार नाही.

2025 मध्ये टाटा टेक्नॉलॉजीजच्या सहभागातून सुमारे 191 कोटी रुपयांचे संशोधन, नवोपक्रम आणि प्रशिक्षण केंद्र बीडसाठी मंजूर झाले. तिथल्या यंत्रांच्या यादीत रोबोट आणि सीएनसी येतीलच. त्यासोबत एक ल्युमिनन्स मीटर, एक लक्समीटर आणि ठरलेल्या दिवशी येऊन बसणारा पेटंट एजंट हवा, ही मागणी जिल्ह्यातल्या महाविद्यालयांनी आत्ताच लेखी करावी.