विमान मावेना, म्हणून लेन्स घ्यावी काय?

पौड, पिरंगुट, हिंजवडी या मुळशी पट्ट्यात कॅमेरा हाताळणारी तरुण मुले आज वाडी-वस्तीवर दिसतात. कोणी लग्नाची कामे घेतो, कोणी सुट्टीच्या दिवशी हौस भागवतो. सहलीला विमानांचे संग्रहालय पाहायचे ठरले की त्यांच्यापुढे प्रश्न येतो: आत विमान पुरते मावत नाही, तेव्हा वाइड अँगल लेन्स घ्यावी काय? ही लेन्स म्हणजे कष्टकरी घरात काही महिन्यांची बचत. म्हणून हा हिशेब आम्ही घरच्यांसमोर मांडतो.

दिल्लीच्या पालम येथील हवाई दलाच्या संग्रहालयात हँगरच्या छपराखाली जुनी विमाने ओळीने उभी आहेत. मागे सरकावे तर दुसऱ्या विमानाचा पंख पाठीला लागतो. गोव्यात दाबोळीजवळच्या नौदल विमान संग्रहालयात, जे 1998 साली सुरू झाले, मोठी विमाने उघड्यावर आहेत. तिथे मागे जायला जागा मिळते. म्हणजे पहिला प्रश्न लेन्सचा नसून जागेचा आहे.

आता साधे गणित. कॅमेऱ्यासोबत बहुधा 18-55 मि.मी.ची लेन्स मिळते. लहान सेन्सरच्या नेहमीच्या कॅमेऱ्यावर 18 मि.मी. लावून 10 फुटांवर उभे राहिलो, तर साधारण साडेबारा-तेरा फूट रुंदी मावते. 10 मि.मी.च्या लेन्समध्ये 22-23 फूट मावते. नॅट हे विमान सुमारे 9 मीटर लांब. ते बाजूने पुरते घ्यायला 18 मि.मी.वर सुमारे 7 मीटर मागे जावे लागते. मारुत सुमारे 16 मीटर लांब. त्याला साडेबारा मीटर हवेत, पण 10 मि.मी.ची लेन्स असेल तर 7 मीटर पुरतात. याचा सराव पौडच्या एस.टी. स्थानकावर फुकट होतो. बस साधारण 11 मीटरची. 18 मि.मी.वर ती किती पावलांवरून मावते ते मोजावे.

मात्र रुंद लेन्सचे दोषही ध्यानात ठेवावेत. फार जवळ गेल्यास विमानाचे नाक फुगते, शेपूट बारीक दिसते. कडेला उभ्या माणसांचे चेहरे ताणले जातात. म्हणून मुलांना विमानाजवळ, पण चित्राच्या मध्याकडे उभे करावे आणि कॅमेरा वर-खाली न झुकवता सरळ धरावा. सबंध विमानाचा अट्टहास सोडून तिरक्या कोनातून नाक व एक पंख घेतला, तर 18 मि.मी.लाही चांगले चित्र मिळते.

दुसरा प्रश्न उजेडाचा. हँगरात उजेड कमी. एफ 2.8 ची लेन्स एफ 5.6 पेक्षा चौपट प्रकाश घेते, पण ती महाग व जड असते. विमान जागचे हलत नाही. त्यामुळे हाताचा कंप सावरणारी सोय असलेली 10-18 किंवा 10-20 मि.मी.ची स्वस्त लेन्सही काम भागवते. कोपरे अंगाशी धरून, श्वास रोखून मंद शटरवर फोटो काढता येतो. माणसे मात्र हलतात, हे विसरू नये. कॅमेरा, ट्रायपॉड व फ्लॅश यांची परवानगी प्रवेशद्वारीच विचारावी.

एका सहलीसाठी लेन्स विकत घेऊ नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. पुण्यात लेन्स भाड्याने मिळतात. दोन दिवसांच्या भाड्यात हौस भागते आणि उपयोगही कळतो. मात्र ज्याला लहान घरातले लग्न, नामकरण, सभागृहातील कार्यक्रम अशी कामे नियमित मिळतात, त्याने घ्यावी. तीच लेन्स त्याला वर्षभर पैसे मिळवून देईल. जुनी घेताना उजेडासमोर धरून आत बुरशीचे जाळे आहे का ते पाहावे. मुळशीचा पाऊस लेन्सला बाधतो. झाकणाच्या घट्ट डब्यात ओल शोषणाऱ्या सिलिका जेलच्या पुड्या टाकून ती ठेवावी.

आणखी एक सांगणे. विमानाजवळच्या माहितीफलकाचाही फोटो काढावा. फ्लाइंग ऑफिसर निर्मलजित सिंग सेखों 14 डिसेंबर 1971 रोजी श्रीनगरवर नॅटमधूनच लढताना धारातीर्थी पडले. परमवीर चक्र मिळालेले ते हवाई दलाचे एकमेव वीर. मारुतचे पहिले उड्डाण 1961 साली झाले, आणि ते आपल्याच देशात बनलेले लढाऊ विमान होते. असे विमान बांधणारे हात कारखान्यात, आयटीआयमध्ये तयार होतात. घरी फोटो पाहताना मुलाने वा मुलीने "हे कोणी बनवले?" असे विचारले, तर त्या प्रश्नाला उत्तर द्यायला आई-वडिलांनी वेळ काढावा. लेन्स भाड्याची असली तरी चालेल.