वीस फुटांचा घेर

एप्रिलमधली दुपार. संत तुकाराम नगर मेट्रो स्टेशनच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावरच्या एका घराच्या पुढच्या खोलीत पंखा मुद्दाम बंद ठेवलाय. फरशीवर जुन्या कॅलेंडरांची पानं पालथी घालून जोडली आहेत आणि त्यांवर फिकट मोरपंखी शिफॉन पसरलंय, इतकं झिरझिरीत की खालच्या चिकटपट्ट्या मोजता येतात. जरा वारा लागला तरी कापड सरकतं. शिवणाऱ्या ताई ओढणीच्या टोकाने कपाळ टिपतात, तेही आधी मागे सरून. घामाचा थेंब पडला तर डाग उठायचा.

कापड पिंपरी कॅम्पातलं. फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी वसवलेला हा बाजार. लग्नसराईत शगुन चौकातून चालणंसुद्धा मुश्कील. मेडिकलला शिकणारी एक मुलगी तिथून सव्वाचार मीटर घेऊन आलीय. पोटरीपर्यंतचा, गिरकी घेतली की गोल उठेल असा स्कर्ट तिला हवाय. ताईंच्या भाषेत अंब्रेला.

‘काकू, एवढं पातळ कापड आहे. शिलाई कमीच होईल ना?’

ताई उत्तर देत नाहीत. टेप उचलतात.

कंबर २८. त्याला ६.२८ ने भागलं की साडेचार इंच. एवढ्या त्रिज्येचा गोल म्हणजे कमरेचं तोंड. ताई मात्र सव्वाचारच धरतात, कारण गोल कापलेली कड हाताळताना ताणली जातेच. उंची ३४. म्हणजे खालची त्रिज्या सव्वाअडतीस आणि खालचा घेर २४० इंच, वीस फूट. हा हिशेब त्या कागदावर करत नाहीत, पुटपुटत करतात. टेपचं एक टोक अंगठ्याखाली दाबून दुसऱ्या टोकाला खडू धरतात आणि ४४ इंची पन्ह्यावर अर्धवर्तुळ काढतात. अशी दोन. कापड दुमडून एकदम कापलं तर वेळ वाचला असता, पण दुमडीत खालचा थर कधी सरकला ते वरून कळत नाही. टाचण्यांनीही धागा ओढला जातो, म्हणून कापडावर जागोजागी स्टीलच्या वाट्या ठेवल्यात. कात्री फरशीवरून उचलतच नाहीत. तिचं खालचं पातं कॅलेंडरच्या पानालाही कापत पुढे जातं.

शिफॉनचा हा चंचलपणा त्याच्या सुतातच असतो. धाग्यांना खूप पीळ दिलेला असतो, एकाला उजवा तर शेजारच्याला डावा. विणल्यावरही तो पीळ सुटू बघतो आणि कापडाला ती बारीक चुरचुरीत लाट येते. आपल्याकडे शिफॉनच्या साडीला मान मिळवून देण्याचं श्रेय दिलं जातं कूचबिहारच्या महाराणी इंदिरादेवींना, म्हणजे बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांच्या कन्येला. त्यांचं शिफॉन रेशमी होतं. फरशीवरचं हे पॉलिएस्टर आहे आणि उन्हाळ्यात खरी मेख तिथेच आहे. झिरझिरीत दिसतं म्हणून कापड गार असतं असं नाही. पॉलिएस्टर आपल्या वजनाच्या अर्धा टक्काही ओलावा धरत नाही. सुती कापड सात-आठ टक्के धरतं. मुलीने अस्तरासाठी चकचकीत सॅटिन पसंत केलं होतं. ताईंनी ते परत पाठवलं आणि पांढरी मलमल आणायला लावली. ‘अंगाला जे लागतं ते सुतीच पाहिजे. वर काय ते मिरव.’ मलमल धुतल्यावर आटते, म्हणून ती आधी पाण्यातून काढायला हवी. शहरात पाणी दिवसाआड येतं. काल पाण्याचा दिवस होता, तेव्हाच ती भिजवून वाळवली.

आता मशीन. ब्लाऊजसाठी लावलेली १४ नंबरची सुई काढून ताई नवीकोरी ९ नंबरची बसवतात. पहिला टाका घालताना दोन्ही दोरे बोटांनी मागे ओढून धरतात, नाहीतर मशीन कापड खातं. कापडाखाली मिठाईच्या खोक्यातल्या बटर पेपरची पट्टी. वर्तमानपत्र चाललं असतं, पण त्याची शाई उतरते. शिवण झाली की कागद टाक्यांवरून हलकेच फाडून काढायचा.

सगळ्यात आधी कमरेच्या तोंडावर एक साधी शिलाई पडते, ते आणखी ताणू नये म्हणून. मग बाजूच्या शिवणी. इथे मी स्टूल पुढे ओढते. कापडाच्या उलट बाजू एकमेकींना लावून ताई पाव इंचावर शिवतात, म्हणजे शिवण चक्क बाहेरून दिसते. मग कड छाटून निम्मी करतात, कापड उलटवून बोटाने दाबतात आणि पुन्हा शिवतात. कापलेली कड दोन शिलायांच्या मध्ये कायमची बंद. एका शिवणीला दोनदा मशीन, मध्ये कात्री, शेवटी मंद इस्त्री, तीही मलमलीचा तुकडा वर ठेवून. चेनच्या जागेपर्यंत येऊन ताई थांबतात आणि एवढ्या वेळात पहिल्यांदा पंखा लावतात.

मुलगी विचारते, ‘आज संध्याकाळी मिळेल?’

‘आज हा टांगायचा.’

गोल कापलेल्या घेरात चार ठिकाणी कापड तिरकं येतं. तिथे ते स्वतःच्या वजनाने खाली उतरतं, बाकीच्या ठिकाणी उतरत नाही. आजच पिको केलं तर दोन दिवसांत घेर वरखाली दिसेल. म्हणून चेन आणि कंबरपट्टी लावून स्कर्ट रात्रभर हँगरला राहणार, उद्या मुलीला उभं करून जमिनीपासून पट्टीने मोजत कड सारखी करायची आणि मग पिको. त्या वीस फुटांचं.

‘शिलाई आठशे.’

‘काकू! तयार स्कर्ट पाचशेला मिळतो.’

‘मिळतो की. घे हातात आणि उजेडात धर. आतले दोरे बाहेरून दिसतात की नाही बघ.’

मुलगी दोनशे रुपये आगाऊ देते. मला विचाराल तर आठशे कमीच आहेत. जाड कापडात आतली घाई झाकून जाते, इथे प्रत्येक टाका उघडा आहे. असा स्कर्ट शिवायला टाकणार असाल तर शिलाईचा भाव विचारण्याआधी अस्तराची मलमल भिजवून, वाळवून सोबत न्या आणि समारंभाच्या आदल्या दिवशी जाऊ नका.