घर सजवायचे, पण खारपाणपट्ट्यात

घर सजवण्याविषयी वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर जे काही सांगितले जाते, ते बहुतेक पुण्या-मुंबईच्या फ्लॅटसाठी असते. पडदे कोणत्या रंगाचे घ्यावेत, सोफा कुठे ठेवावा, कोपऱ्यात दिवा कसा लावावा. भातकुलीच्या, दर्यापूरच्या किंवा पूर्णेच्या काठच्या कुठल्याही गावातल्या बाईला विचारा. ती आधी वेगळेच गाऱ्हाणे सांगेल. "रंग काई टिकत नाई बाई इथं." दिवाळीला ऑइलपेंट दिला की पुढच्या पोळ्यापर्यंत भिंतीच्या खालच्या दोन-तीन फुटांवर फोड येतात, पापुद्रे सुटतात, आत पांढरी भुकटी दिसते. मग त्यासमोर सोफा ठेवा नाहीतर शोकेस ठेवा, घर काही सजत नाही. म्हणून आजची आपली गोष्ट भिंतीच्या पायथ्यापासून सुरू करू.

ही पांढरी भुकटी म्हणजे लोणा. पूर्णेच्या खोऱ्यातली जमीन खोल गाळाची, आणि जमिनीखालचे पाणी खारट. अमरावती, अकोला, बुलढाणा या तीन जिल्ह्यांतला हा पट्टा खारपाणपट्टा म्हणूनच ओळखला जातो. दिव्याची वात जशी तेल वर ओढते तशी विटांची भिंत जमिनीतली ओल वर ओढते. ओलीबरोबर क्षार येतात. पाणी भिंतीच्या पृष्ठभागावरून उडून जाते, क्षार मात्र मागे राहतात, त्यांचे खडे होतात, आणि खडा होताना तो फुगतो. ही फुगण्याची ताकद एवढी असते की सिमेंटचा गिलावाही भिंतीपासून सुटतो.

आता ऑइलपेंटने काय होते ते पाहा. पेंटचा थर म्हणजे भिंतीला घातलेला प्लॅस्टिकचा अंगरखा. ओल बाहेर पडू शकत नाही, म्हणून क्षार पेंटच्या मागे साठतात आणि पेंटला ढकलून देतात. शिवाय कोंडलेली ओल वाट शोधत आणखी वर चढते. आधी दोन फुटांवर असलेला डाग चार फुटांवर जातो, आणि आपण म्हणतो, पेंट हलका निघाला, पुढच्या वेळी भारीतला घेऊ. माझ्या मते आपल्या भागात घरावर होणारा सगळ्यांत वायफळ खर्च हाच आहे.

आपल्या आज्या हे शब्दांत सांगत नव्हत्या, पण त्यांच्या हाताला ते माहीत होते. दसरा-दिवाळीच्या आधी भिंती खरवडायच्या, पांढऱ्या मातीचा किंवा चुन्याचा हात फिरवायचा, खाली गेरूचा पट्टा ओढायचा. दर वर्षी. आपल्याला वाटते ही केवळ सणाची रीत. पण मातीचा आणि चुन्याचा थर भिंतीला श्वास घेऊ देतो. ओल त्यातून निघून जाते आणि क्षार त्या वरच्या थरातच येऊन बसतात. वर्षाने तो थर खरवडला की क्षारही घराबाहेर जातात. म्हणजे वरचा थर खराब व्हावा हीच त्यामागची योजना असते. तो खराब होतो म्हणून भिंत वाचते. जुनी मातीची घरे पिढ्यान्‌पिढ्या उभी राहिली त्यात या वार्षिक खरवडण्याचा वाटा मोठा आहे.

खारट मातीची एक गंमतही आहे. भिंतीची वैरीण असलेली हीच माती धाब्याच्या घरांच्या छपरावर मुद्दाम घालत. खारी माती ओली झाली की तिचे कण इतके बारीक पसरतात की छिद्रे बुजतात आणि पाणी खाली झिरपत नाही. जे पायाला नको ते डोक्यावर हवे!

तर पहिले काम खरवडण्याचे. लोणा लागलेली भिंत पाण्याने धुऊ नका. धुतले की क्षार विरघळून परत विटेत शिरतात आणि ओल वाळली की पुन्हा बाहेर येतात. कोरड्या खराट्याने किंवा काथ्याच्या ब्रशने झाडा आणि पडलेली भुकटी उचलून घरापासून दूर टाका. गाडगेबाबांच्या जिल्ह्यात खराटा कसा धरायचा हे मी काय सांगावे! गिलावा पोकळ वाजत असेल तर डागाच्या वर फूटभर जाऊन तो काढून टाका, विटा एक उन्हाळाभर उघड्या राहू द्या, आणि मग चुना-वाळूचा गिलावा करा. गवंडी सिमेंटचाच आग्रह धरेल, कारण त्याला घाई असते. आपल्याला नसावी.

चुना लावण्यापूर्वी ओल कुठून येते तेही बघायला हवे, नाहीतर सगळी मेहनत पाण्यात जाईल. न्हाणीचे पाणी भिंतीलगत मुरते का? छपराची पन्हळ पायातच पडते का? घराभोवतीची जमीन बाहेरच्या बाजूला उतरती करून घ्या आणि जमल्यास फरशीचा दोन फुटांचा पट्टा टाका. घरात आरओचे यंत्र असेल तर त्यातून बाहेर टाकले जाणारे पाणी आपल्या विहिरीच्या पाण्यापेक्षाही खारट असते. त्याची नळी भिंतीच्या कडेला सोडली असेल तर आजच काढा.

आता चुना. कळीचा चुना आणला तर तो लोखंडी पिंपात भिजवा, प्लॅस्टिकच्या बादलीत नको, कारण चुना विरताना पाणी उकळते. आधी पाणी, मग त्यात थोडे थोडे खडे. उलटे केले तर अंगावर उडते. पोरांना लांब ठेवा, डोळ्यांना चष्मा लावा, हातांना खोबरेल तेल चोळा. एक दिवस मुरू द्या, फडक्यातून गाळा. किलोभर चुन्याला साधारण पाच लिटर पाणी लागते. डिंकाचे पाणी किंवा तांदळाची पेज घातली की चुना हाताला लागत नाही. चुन्यात मूठभर मीठ टाकण्याची सवय काही ठिकाणी आहे; आपल्याकडे ते अजिबात नको, मीठ आपल्या भिंतीत आधीच पुरेसे आहे. त्याच कारणाने बोअरचे खारट पाणीही वापरू नका. पिण्याचे, नळयोजनेचे किंवा साठवलेले पावसाचे पाणी घ्या. भिंत आधी थोडी ओलसर करून दुधासारखे पातळ तीन हात द्या. एक उभा, एक आडवा, पुन्हा एक उभा. ओला असताना चुना करडा, फिका दिसतो आणि मन खट्टू होते. दुसऱ्या दिवशी बघा. तो हवेतला कार्बन डायऑक्साइड घेऊन हळूहळू दगडासारखा होतो आणि पांढरा शुभ्र होत जातो.

पांढरे नको असेल तर गेरू, पिवडी आणि नीळ हे तीन रंग चुन्याशी जमवून घेतात. पिवडीने खोली उन्हासारखी उजळ दिसते. नीळ मात्र पुडीतली घ्या, बाटलीतली पातळ नीळ चुन्यात फिकी पडते. जमिनीपासून हातभर उंचीपर्यंत गेरूचा पट्टा ओढला की पाय, झाडू, पावसाचे शिंतोडे यांचे डाग दिसत नाहीत, आणि दर वर्षी फक्त तेवढाच पट्टा पुन्हा रंगवून भागते. एवढी स्वस्त आणि देखणी किनार दुसरी कुठली मला तरी ठाऊक नाही.

उरलेला चुना छपरासाठी ठेवा. मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ अंशांच्या पुढे जातो आणि सिमेंटचा स्लॅब दिवसभर तापून रात्रभर घरात आग ओततो. मार्चमध्ये छत झाडून त्यावर चुन्याचे दोन हात दिले तर उन्हाचा मोठा भाग वरच्या वर परत जातो. अहमदाबाद शहराने २०१३मध्ये उष्म्याचा सामना करण्यासाठी कृती आराखडा तयार केला आणि २०१७मध्ये गरीब वस्त्यांमधली छपरे पांढरी करण्याचे काम हाती घेतले, ते याच साध्या तत्त्वावर. टिनाच्या छपरावर चुना पहिल्या पावसाबरोबर वाहून जातो हे खरे; पण आपल्याला उन्हाळाच तर काढायचा असतो.

भिंत आणि छप्पर झाले. आता आतली मांडणी. प्रधानमंत्री आवास योजनेच्या ग्रामीण भागाची २०१६मध्ये सुरुवात झाली तेव्हा घराचे किमान क्षेत्रफळ स्वयंपाकाच्या जागेसह २५ चौरस मीटर ठरवण्यात आले. म्हणजे २६९ चौरस फूट. ढोबळमानाने बारा बाय बावीसची जागा. त्यात पाच-सहा माणसे, अंथरुणे, पोरांची दप्तरे, धान्याची कोठी, भांडी, आणि देव. जुन्या धाब्याच्या घरातून अशा घरकुलात आलेल्या बायका म्हणतात की घर पक्के झाले, पण ठेवायला जागाच राहिली नाही. तक्रार खरी आहे. जुन्या घरात जाड भिंतीत देवळ्या होत्या, खुंट्या होत्या, वर दांडी टांगलेली होती, शिंके होते. ही सगळी साठवणीची जागा जमिनीवर पाय न ठेवता भिंतीत आणि छताखाली बसवलेली होती. नव्या घरात आपण गुळगुळीत भिंती उभ्या केल्या आणि मग कपाटे विकत आणून जमीन अडवली.

घर अजून बांधायचे असेल तर काही गोष्टी जवळजवळ फुकटात होतात. नऊ इंची भिंतीत साडेचार इंच खोल देवळ्या सोडायला गवंड्याला सांगा, विटा वाचतात. फक्त कोपऱ्याजवळ, बीम टेकते त्याखाली आणि ओलीच्या उंचीत देवळी नको. वर एक कडप्प्याची फळी बसवली की मसाल्याच्या डब्यांची सोय झाली. स्लॅब टाकताना पंख्याच्या कडीबरोबर आणखी चार कड्या सोडा. एकीला पाळणा, दोन कड्यांमध्ये बांबूची आडवी दांडी. दिवसा सगळ्या वाकळी त्या दांडीवर. दाराशी खाटेऐवजी विटांचा बैठा ओटा बांधा, खाली पोकळ ठेवा. लॉरी बेकर या वास्तुशिल्पीने केरळात अशीच बांधीव बाके, फळ्या आणि जाळीच्या भिंती वापरून गरिबांसाठी कमी खर्चात सुबक घरे उभी केली. स्लॅबचे पाणीही जरा बघा. सळ्या घातलेल्या काँक्रीटसाठी वापरायच्या पाण्यात लिटरमागे ५०० मिलिग्रॅमहून अधिक क्लोराइड नसावे असे आपले भारतीय मानक सांगते. त्याहून खारट पाण्याने सळ्या आतून गंजतात.

घर बांधून झालेले असेल तरी बरेच करता येते. भिंतीत जागोजागी खिळे ठोकू नका, प्रत्येक खिळ्याभोवती गिलावा सुटतो. एक लांब लाकडी पट्टी डोक्याच्या उंचीवर पक्की बसवा आणि तिलाच खुंट्या मारा. कपाट किंवा कोठी भिंतीला चिकटवू नका. चार बोटे जागा सोडा, पायांखाली कडप्प्याचे तुकडे ठेवा. लोखंडी कपाटाचे पाय आपल्याकडे आधी गंजतात ते उगीच नाही. देवादिकांच्या आणि घरच्या वडीलधाऱ्यांच्या तसबिरींमागे खालच्या दोन कोपऱ्यांना बाटलीची बुचे चिकटवा. मागून हवा खेळते, फोटोला बुरशी धरत नाही. आणि गेल्या चार वर्षांची कॅलेंडरे एकाच खिळ्यावर लटकली असतील तर ती आता उतरवायला हरकत नाही.

कापसाबद्दल सविस्तर सांगायला हवे, कारण आपल्या भागात तोही घराच्या मांडणीचाच भाग असतो. २०२१-२२च्या हंगामात कापसाने क्विंटलमागे दहा हजारांचा आकडा ओलांडला. पुढच्या वर्षी पुन्हा तसाच भाव येईल या आशेने अनेकांनी कापूस घरात भरून ठेवला. भाव आला नाही, आणि माणसे महिनोन्‌महिने कापसाच्या ढिगाशेजारी अंग खाजवत झोपली. भावाचे काय करायचे ते या पानावर सांगता येणार नाही. पण कापूस घरात ठेवणे भागच असेल तर झोपायच्या खोलीत नको. फळ्या किंवा बांबूच्या ताटव्यावर ठेवा, भिंतीपासून हातभर दूर, म्हणजे खालून ओल लागून तो पिवळा पडणार नाही. चूल, देवघरातला दिवा आणि विजेचे बोर्ड यांच्या जवळ तर मुळीच नको. जुन्या लुगड्यांचे तुकडे जोडून मोठी चादर शिवा आणि ढीग वरून नीट झाका. तंतू उडणे कमी होते. तोच ढीग मग खोलीतला पडदाही होतो.

लुगड्यांवरून आठवले. वाकळ शिवणाऱ्या हातांना पडदे विकत घ्यावे लागू नयेत. जुन्या सुती साडीच्या काठाचा पडदा खिडकीला शोभून दिसतो आणि वाराही अडवत नाही. टोपल्या, सुपे, ताटवे बुरडाकडून घ्या. मेळघाटात लवाद्याच्या संपूर्ण बांबू केंद्रात बांबूच्या देखण्या वस्तू बनतात, त्या बघून आपल्या गावच्या कारागिरालाही नमुना देता येतो.

झाडांचा हिरवेपणा सर्वांत स्वस्त, पण इथेही पाणी आडवे येते. खारट पाण्याने कुंडीच्या कडेला पांढरा थर धरतो आणि पाने टोकाला जळतात. तुळशीला तांदूळ, डाळ धुतलेले गोडे पाणी घाला. सदाफुली, कोरफड आणि बोगनवेल मात्र थोडा खार सोसतात. तेलाचा रिकामा डबा कुंडी म्हणून चालतो, फक्त तळाला भोके हवीत, म्हणजे साचलेला खार निथळून जाईल. आणि तो डबा गेरूच्या पट्ट्यावर टेकवून ठेवू नका, पायरीवर ठेवा.

हे सारे करायचे कधी? पावसाळा संपल्यावर लगेच नको. तेव्हा भिंती पाणी पिऊन जड झालेल्या असतात. नवरात्र येईपर्यंत दारे-खिडक्या उघड्या ठेवून त्या सुकू द्या, कोजागिरीच्या आसपास खरवडा, आणि शेतात पहिली वेचणी सुरू होऊन कापूस घरात येण्याआधी चुन्याचा तिसरा हात वाळलेला असू द्या.