नवे यंत्रविधान : रोबो घडवण्याच्या ऑनलाइन खेळातील बदलांचा हिशेब

माळव्याचा परमार राजा भोज याच्या नावावर असलेल्या ‘समरांगणसूत्रधार’ या अकराव्या शतकातील वास्तुशास्त्रीय संस्कृत ग्रंथाचा एकतिसावा अध्याय ‘यंत्रविधान’ या नावाचा असून त्यात दिव्यात तेल घालणाऱ्या आणि नाचणाऱ्या बाहुल्यांपासून दाराशी शस्त्र घेऊन पहारा करणाऱ्या लाकडी पुरुषापर्यंत अनेक यंत्रांची वर्णने आली आहेत. बडोद्याच्या गायकवाड प्राच्य ग्रंथमालेत टी. गणपतिशास्त्री यांनी संपादित केलेली या ग्रंथाची आवृत्ती 1924-25 मध्ये दोन खंडांत प्रसिद्ध झाली आणि हा अध्याय अभ्यासकांना सहज उपलब्ध झाला. अवयवांची यथायोग्य जुळणी, हलकेपणा, सांध्यांत ढिलेपणा नसणे पण ताठरपणाही नसणे, गतीत अडथळा न येणे आणि यंत्र दीर्घकाळ टिकणे, असे यंत्राचे गुण तेथे सांगितले आहेत. मात्र यंत्रे प्रत्यक्ष कशी घडवायची हे ग्रंथकाराने मुद्दामच सांगितलेले नाही आणि ते अज्ञानामुळे नव्हे, तर गुप्ततेसाठी सांगितले नसल्याचा खुलासाही केला आहे.

त्याच माळव्यातील उज्जैनमध्ये, रेल्वे स्थानकाजवळच्या देवास गेट परिसरात राहणारा एखादा विद्यार्थी आज संगणकावर रोबो जोडून तो जगभरातील अनोळखी प्रतिस्पर्ध्यांच्या रोबोंशी लढवू शकतो आणि तसे करताना त्याला वजन, जुळणी, तोल आणि गती यांचा तोच विचार करावा लागतो. फरक एवढाच, पण तो मूलभूत आहे: लाकडी यंत्राला लागू होणारे निसर्गनियम कोणी बदलत नाही, तर ऑनलाइन खेळातील रोबो ज्या नियमांवर उभा असतो ते नियम खेळाचे निर्माते वेळोवेळी बदलत असतात. या बदलांनाच ‘अपडेट’ म्हणतात. खेळाडूने स्वतःच्या कल्पनेने घडवलेल्या वस्तूवर त्यांचा थेट परिणाम होत असल्यामुळे प्रत्येक बदलाचा उघड आणि सकारण हिशेब देणे हे अशा खेळाच्या निर्मात्याचे पहिले कर्तव्य ठरते.

घन, सांधे आणि लढाई

या प्रकारातील सर्वांत बोलके उदाहरण म्हणजे इंग्लंडमधील पोर्ट्समथ येथील फ्रीजॅम या लहान स्टुडिओने तयार केलेला ‘रोबोक्राफ्ट’ हा खेळ. जुलै 2014 मध्ये तो स्टीम या संगणकीय खेळांच्या बाजारपेठेवर ‘अर्ली ॲक्सेस’ म्हणून आला, म्हणजे काम चालू असलेल्या अवस्थेतच लोकांसाठी खुला झाला, आणि त्याची पूर्ण आवृत्ती ऑगस्ट 2017 मध्ये प्रसिद्ध झाली. छोट्या घनाकृती ठोकळ्यांना ठोकळे जोडून सांगाडा उभा करावा, त्याला चाके, पट्टे, पाय, पंख किंवा पंखे लावावेत, वर शस्त्रे बसवावीत आणि तो रोबो सांघिक लढाईत उतरवावा, असे त्याचे स्वरूप होते. प्रत्येक भागाला ‘सीपीयू’ या नावाने ओळखला जाणारा एक भारांक दिलेला असे आणि रोबोच्या सर्व भागांची बेरीज ठरलेल्या मर्यादेत बसवावी लागे. त्यामुळे जाड चिलखत हवे असेल तर शस्त्रे कमी करणे आणि वेग हवा असेल तर चिलखत सोडणे भाग पडत असे.

अशा खेळात रोबोचे नुकसान कसे मोजले जाते हे समजून घेतले की अपडेटचा परिणाम किती खोलवर जातो हे ध्यानात येते. संगणकाच्या दृष्टीने रोबो म्हणजे एकमेकांना जोडलेल्या बिंदूंचे जाळे असते. एखादा ठोकळा नष्ट झाला की उरलेल्यांपैकी कोणते मुख्य गाभ्याशी अजून जोडलेले आहेत हे संगणक तपासतो आणि ज्यांचा संबंध तुटला असेल ते सारे भाग गळून पडतात. सुरुवातीच्या काळात रोबोक्राफ्टमध्ये हा गाभा म्हणजे चालकाचे आसन होते आणि ते फुटले की रोबो संपला असा नियम असल्यामुळे आसनाभोवती थरावर थर रचणे हेच बांधणीचे मुख्य सूत्र बनले होते. माराचा आघात एका ठोकळ्यातून शेजारच्या ठोकळ्यांत पसरत असल्याने त्याची वाट लांबवावी म्हणून खेळाडूंनी आतील सांगाडा त्रिकोणी जाळीसारखा रचण्याची युक्तीही शोधून काढली; ती कोणत्याही नियमपुस्तिकेत दिलेली नव्हती, खेळाडूंनी प्रयोगांतून उभे केलेले ते अभियांत्रिकी ज्ञान होते. पुढे चालकाच्या आसनाची ही भूमिका काढून टाकण्यात आली आणि एकूण रोबोपैकी किती हिस्सा नष्ट झाला यावर त्याचा शेवट ठरू लागला. वरवर पाहता हा एका नियमातील बदल होता, पण आसनाच्या संरक्षणासाठी रचलेल्या सगळ्या जुन्या रोबोंचा आधारच त्याने काढून घेतला.

समतोल म्हणजे काय

अपडेटचा मोठा भाग ‘बॅलन्स’साठी, म्हणजे शस्त्रे व भाग यांच्यात समतोल राखण्यासाठी असतो. एखाद्या भागाची ताकद कमी करण्याला खेळाडू ‘नर्फ’ आणि ती वाढवण्याला ‘बफ’ म्हणतात. त्या त्या काळात सर्वांत परिणामकारक ठरणाऱ्या बांधणीच्या आणि लढण्याच्या पद्धतीला ‘मेटा’ म्हटले जाते. समतोल केवळ कागदावरच्या आकड्यांनी साधत नाही, हे एका कल्पित हिशेबावरून स्पष्ट होते. समजा, एक तोफ सेकंदाला 2 मारे करते आणि प्रत्येक माऱ्यात 100 एकक हानी होते, तर दुसरी बंदूक सेकंदाला 6 मारे करून प्रत्येकी 40 एकक हानी करते. म्हणजे कागदावर पहिलीची क्षमता सेकंदाला 200 आणि दुसरीची 240 भरते. परंतु प्रत्यक्ष लढाईत तोफेचे 90 टक्के मारे लागत असतील आणि बंदुकीचे 60 टक्केच लागत असतील, तर खरी हानी अनुक्रमे 180 आणि 144 होते आणि दुबळी वाटणारी तोफच वरचढ ठरते. नेम धरण्यातील कौशल्य, रिंगणाची रचना, प्रतिस्पर्ध्याचा वेग अशा अनेक गोष्टी या टक्केवारीत दडलेल्या असतात, म्हणून निर्मात्यांना प्रत्यक्ष सामन्यांच्या नोंदी पाहूनच आकडे बदलावे लागतात आणि एक आकडा बदलला की दुसरीकडे नवा असमतोल निर्माण होण्याची शक्यता कायम राहते.

इतर लढाऊ खेळांत शस्त्राचा आकडा बदलला तर खेळाडूला केवळ सवय बदलावी लागते. रोबो घडवण्याच्या खेळात मात्र भागाचा भारांक वाढला की तासन्‌तास खपून तयार केलेला रोबो मर्यादेबाहेर जाऊन लढण्यास अपात्र ठरू शकतो. ‘हा भाग महाग केला’ एवढीच नोंद म्हणूनच पुरेशी नसते. तो का महाग केला, कोणत्या प्रकारच्या बांधणीला आवर घालायचा होता आणि जुने रोबो दुरुस्त करण्यासाठी काय सोय ठेवली आहे, हेही सांगावे लागते. अपडेटसोबत प्रसिद्ध होणाऱ्या ‘पॅच नोट्स’, म्हणजे बदलांच्या टिपणांचे खरे मोल यातच आहे. भोजाच्या ग्रंथाने जी घडण गुप्त ठेवली, नेमकी तीच आजच्या निर्मात्याने उघड केली पाहिजे, कारण येथे यंत्र घडवणारा कारागीर स्वतः खेळाडूच असतो.

उज्जैनपासून सर्व्हरपर्यंतचे अंतर

ऑनलाइन लढाईतील अंतिम निर्णय खेळाडूच्या संगणकावर होत नसून ‘सर्व्हर’वर, म्हणजे सामना चालवणाऱ्या दूरच्या मध्यवर्ती संगणकावर होतो, कारण निर्णय खेळाडूच्या संगणकावर सोपवल्यास फसवणुकीला वाव राहतो. या व्यवस्थेत भूगोलाला मोठे महत्त्व येते. काचेच्या तंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे 2 लाख किलोमीटर जातो. उज्जैन ते लंडन हे सरळ अंतर सुमारे 7000 किलोमीटर असल्याने संदेश जाऊन परत येण्यास, तारा अगदी सरळ रेषेत टाकल्या आहेत असे धरले तरी, 70 मिलिसेकंद लागणारच. पडद्यावरील चित्र सेकंदाला 60 वेळा बदलत असेल तर तेवढ्या वेळात चार चित्रे पुढे सरकलेली असतात आणि वेगाने पळणारा रोबो दिसतो तेथे प्रत्यक्षात राहिलेला नसतो. तोच सर्व्हर सुमारे 550 किलोमीटरवरील मुंबईत असेल तर हा किमान विलंब साधारण साडेपाच मिलिसेकंदांवर येतो. केबलचे वळणदार मार्ग आणि मधल्या यंत्रणा यांमुळे प्रत्यक्ष विलंब दोन्ही बाबतींत याहून बराच जास्त असतो, तरी मूळचा फरक कायम राहतो.

या विलंबाला खेळाडू ‘लॅग’ म्हणतात आणि तो झाकण्यासाठी दोन उपाय केले जातात. खेळाडूच्या संगणकाने पुढील हालचालीचा अंदाज बांधून चित्र आधीच दाखवणे हा पहिला, आणि सर्व्हरने किंचित मागे जाऊन मारा केला त्या क्षणी लक्ष्य कोठे होते हे तपासून न्याय देणे हा दुसरा. या गणितातील सुधारणा टिपणांत एखाद्या ओळीतच उल्लेखिल्या जातात, पण लहान शहरांतून खेळणाऱ्यांसाठी त्या नव्या चमकदार शस्त्रापेक्षा अधिक मोलाच्या असतात. नवा सर्व्हर कोणत्या देशात सुरू होणार किंवा कोणता बंद होणार, ही बाबही म्हणूनच न्याय्य स्पर्धेच्या कक्षेत येते.

मैदानावरच्या रोबोंचा धडा

महाराष्ट्रात खऱ्या यंत्रमानवांच्या स्पर्धांची परंपरा चांगली रुजलेली आहे. मुंबईच्या आयआयटीमध्ये 1998 साली सुरू झालेल्या ‘टेकफेस्ट’ या महोत्सवातील रोबोयुद्धात विद्यार्थ्यांनी घडवलेले रोबो बंदिस्त रिंगणात एकमेकांशी झुंजतात. तर आशिया-पॅसिफिक ब्रॉडकास्टिंग युनियनच्या 2002 पासून भरणाऱ्या ‘रोबोकॉन’ या आंतरराष्ट्रीय स्पर्धेचे यजमानपद पुण्याने 2008 आणि 2014 मध्ये सांभाळले. पुण्याच्या 2008 च्या स्पर्धेचा विषय दहीहंडीच्या खेळावर आधारलेला ‘गोविंदा’ हा होता. रोबोकॉनचा विषय आणि नियम दरवर्षी बदलतात, परंतु ते स्पर्धेच्या पुष्कळ आधी जाहीर होतात आणि सर्व संघ एकाच नियमावलीवर आपले यंत्र उभारतात. ऑनलाइन खेळाने या शिस्तीतून घेण्यासारखी गोष्ट ही की, बदल करण्याचा अधिकार निर्मात्याला जरूर असावा, पण घडवणाऱ्याला पूर्वसूचना आणि तयारीला वेळ मिळाला पाहिजे.

उत्पन्न आणि विश्वास

रोबोक्राफ्ट विनाशुल्क खेळता येत असल्याने त्याचे उत्पन्न खेळातील ऐच्छिक खरेदीवर अवलंबून होते आणि त्यामुळे आर्थिक निर्णयही अपडेटच्या रूपाने येत असत. सुरुवातीला खेळाडू ‘टेक ट्री’, म्हणजे शाखांच्या क्रमाने एकेक भाग खुला करत जाण्याच्या पद्धतीने प्रगती करत. 2016 मध्ये ‘एपिक लूट’ या अपडेटने ती पद्धत मोडून सामन्यानंतर मिळणाऱ्या पेटीतून नशिबाने निघतील ते भाग देण्याची पद्धत आणली. ज्याला आपल्या आराखड्यासाठी नेमके एक विशिष्ट चाक हवे आहे त्याच्या हाती योगायोगाने निघालेला पंख ठेवणे हे रचनेच्या आनंदाशी विसंगत होते आणि अनेक जुन्या खेळाडूंनी त्यावर तीव्र नाराजी व्यक्त केली. पुढे पेट्या काढून टेक ट्री परत आणण्यात आली. पैसे देऊन घ्यायच्या अशा अनिश्चित पेट्यांचा प्रश्न इतरत्रही ऐरणीवर आला आणि बेल्जियमच्या जुगार नियंत्रण आयोगाने एप्रिल 2018 मध्ये काही खेळांतील पेट्या बेकायदा जुगार ठरवल्या. भारतात ऑगस्ट 2025 मध्ये संमत झालेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्यानेही पैसे लावून खेळायचे खेळ एकीकडे आणि ई-क्रीडा व सामाजिक खेळ दुसरीकडे असा भेद केला आहे.

खेळ बंद होतो तेव्हा

फ्रीजॅमने 2018 मध्ये एक्सबॉक्ससाठी ‘रोबोक्राफ्ट इन्फिनिटी’ ही आवृत्ती आणली, त्याच वर्षी ‘रोबोक्राफ्ट रॉयाल’ हा प्रयोग सुरू करून लवकरच थांबवला आणि नोव्हेंबर 2023 मध्ये ‘रोबोक्राफ्ट 2’ अर्ली ॲक्सेसमध्ये आणला. जानेवारी 2025 मध्ये मात्र स्टुडिओच बंद होत असल्याचे जाहीर झाले. ज्या खेळाचा प्रत्येक सामना सर्व्हरवर चालतो त्याच्या बाबतीत ही शेवटची घोषणा म्हणजे सर्वांत मोठा बदल असतो, कारण चालवणारा उरला नाही तर खेळाडूंच्या हजारो रचनांना उभे राहायला जमीनच उरत नाही. युबिसॉफ्टच्या ‘द क्रू’ या खेळाचे सर्व्हर 2024 मध्ये बंद झाल्यानंतर रॉस स्कॉट यांनी सुरू केलेल्या ‘स्टॉप किलिंग गेम्स’ या मोहिमेने, खेळ बंद करताना तो लोकांना स्वतंत्रपणे चालवता येईल अशा अवस्थेत सोडावा, अशी मागणी केली आणि युरोपीय नागरिकांच्या याचिकेला 2025 मध्ये दहा लाखांहून अधिक सह्या मिळाल्या.

ही मागणी रोबो घडवण्याच्या खेळांना विशेष लागू पडते. कथाप्रधान खेळात खेळाडू दुसऱ्याने रचलेल्या जगात फिरतो, पण येथे तो स्वतः कारागीर असतो आणि त्याच्या बांधणीत भूमिती, यंत्रशास्त्र आणि अनुभव यांचे खरे ज्ञान साठलेले असते. ‘यंत्रविधाना’ने परंपरा, कौशल्य, उपदेश, शास्त्राभ्यास, उद्यम आणि बुद्धी यांच्या बळावरच यंत्रे घडवता येतात असे सांगितले आहे, त्यांतील कौशल्य आणि उद्यम खेळाडू स्वतः आणतो, तर उपदेशाचा, म्हणजे नियम समजावून देण्याचा भाग निर्मात्याकडे येतो. बदलांची कारणे लिहून सांगणे, मोठ्या फेरफाराची पूर्वसूचना देणे, जुन्या रचना वाचवण्याची सोय ठेवणे आणि अखेरीस खेळ बंद करावा लागला तर आराखडे खेळाडूंच्या हाती सुपूर्द करणे, या चार गोष्टी पाळणारा स्टुडिओ लहान असो वा मोठा, त्याने आपल्या कारागिरांचा मान राखला असे म्हणता येईल. भारतीय स्टुडिओ या प्रकारचे खेळ घडवू लागतील तेव्हा त्यांनी ही शिस्त पहिल्या आवृत्तीपासूनच अंगी बाणवली पाहिजे.